खारीचा वाटा किती?
(लढतीच्या खेळातील संघबांधणीचे गणित)



दिवाळीच्या सुटीत मी जालना जिल्ह्यातील वाटूरला बहिणीकडे गेलो होतो. नववीत शिकणारा माझा भाचा ओसरीच्या कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसला होता. एकाएकी त्याने मोबाइल पालथा टाकला आणि म्हणाला, "मामा, बाराव्यांदा हरलो. मला डोकंच नाही!"

तो 'पोकेमॉन'च्या लढती खेळत होता. तुमच्यापैकी पुष्कळांनी हे नाव ऐकले असेल. या खेळाचे पहिले दोन भाग १९९६ साली जपानमध्ये निघाले. त्याची कल्पना सातोशी ताजिरी यांची. लहानपणी त्यांना किडे गोळा करण्याचा छंद होता, त्या छंदातून ही कल्पना सुचली. पहिल्या भागांत १५१ काल्पनिक प्राणी होते. आता त्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे. खेळाडूने यांतील सहा प्राणी निवडून संघ करायचा आणि दुसऱ्याच्या संघाशी लढवायचा.

"हे सहा कसे निवडलेस?" मी विचारले.

"सगळ्यांत ताकदवान सहा घेतले. प्रत्येकाच्या गुणांची बेरीज पाहिली."

"आणि हरल्यावर?"

"सगळा संघ बदलला. दर वेळी नवा."

खरे सांगायचे तर पहिला प्रश्न विचारताना माझ्याही मनात बेरजेचाच विचार होता. तो का चुकीचा आहे, हे कळायला मला दोन दिवस लागले. ते दोन दिवस वाया गेले नाहीत. म्हणून ही हकीकत तुम्हांला सांगतो.

शक्ती कोणाच्या तुलनेत?

प्रत्येक प्राण्याचा एक किंवा दोन 'प्रकार' असतात. अग्नी, जल, वनस्पती, विद्युत, भूमी असे एकूण १८ प्रकार आहेत. अग्नी वनस्पतीला भारी, वनस्पती जलाला भारी आणि जल अग्नीला भारी. म्हणजे आपल्या दगड-कागद-कात्रीसारखेच चक्र झाले! प्रकार अनुकूल असेल तर घाव दुप्पट लागतो, प्रतिकूल असेल तर निम्मा. काही जोड्यांत तो शून्य होतो. उदाहरणार्थ, विद्युत हल्ल्याचा भूमी प्रकारावर काहीच परिणाम होत नाही.

आता थोडे गणित करू. मुख्य मालिकेतील खेळात दोन्ही प्राणी ५० व्या पातळीवर असतील, तर घावाचे मूळ सूत्र साधारण असे आहे :

घाव = (२२ × हल्ल्याचे बळ × हल्लाशक्ती ÷ बचावशक्ती) ÷ ५० + २

समजा, हल्ल्याचे बळ ८०, हल्लाशक्ती १२० आणि बचावशक्ती १०० आहे. अपूर्णांक सोडून दिले तर उत्तर ४४ येते. हल्ला स्वतःच्या प्रकारचा असेल तर त्याला दीडने गुणतात, म्हणजे ६६ झाले. आता समोरचा प्राणी प्रकाराने दुबळा असेल तर घाव १३२, चिवट असेल तर ३३. हल्ला करणारा तोच, त्याची शक्ती तीच, तरी परिणामात चौपट फरक!

मग या प्राण्याची 'खरी' शक्ती किती म्हणायची? प्रश्नच चुकला. वस्तुमान हा वस्तूचा स्वतःचा गुण आहे. वेग मात्र कशाच्या तरी सापेक्ष सांगावा लागतो. या खेळातील शक्ती वेगासारखी आहे, वस्तुमानासारखी नाही. समोर कोण आहे हे सांगितल्याशिवाय तिला अर्थ नाही. जिथे असे चक्र असते तिथे 'सर्वांत श्रेष्ठ' असे कोणी उरतच नाही.

हे केवळ खेळात घडते असे समजू नका. कॅलिफोर्नियात एका जातीच्या सरड्यांचे नर तीन रंगांच्या गळ्यांचे असतात. नारिंगी गळ्याचे नर आक्रमक, ते निळ्यांना हरवतात. निळे आपल्या माद्यांवर कडक पहारा ठेवतात, त्यामुळे चोरपावलांनी येणाऱ्या पिवळ्यांचे त्यांच्यापुढे काही चालत नाही. पिवळे मात्र मोठ्या क्षेत्रावर ताबा सांगणाऱ्या नारिंगींच्या हद्दीत गुपचूप शिरतात. हे चक्र सिनर्व्हो आणि लाइव्हली या शास्त्रज्ञांनी १९९६ सालीच प्रसिद्ध केले. तिथेही कोणताच रंग कायमचा विजयी नाही.

एका खारीची गोष्ट

भाच्याला मी २०१४ सालची एक लढत सांगितली. त्या वर्षी या खेळाची जागतिक स्पर्धा अमेरिकेत वॉशिंग्टन येथे झाली. ज्येष्ठ गटात दक्षिण कोरियाचा से-जुन पार्क विजेता ठरला. त्याच्या संघात 'पाचिरिसू' नावाचा खारीसारखा दिसणारा लहानसा प्राणी होता. त्याच्या मूळ गुणांची बेरीज ४०५. त्याच संघातील 'गारचॉम्प'ची ६००. माझ्या भाच्याने पाचिरिसूकडे ढुंकूनही पाहिले नसते. मीही पाहिले नसते.

मग पार्कने तो का घेतला? या स्पर्धेत प्रत्येक बाजूचे दोन-दोन प्राणी एकाच वेळी मैदानात असतात. पाचिरिसूला एक चाल येते. ती खेळली की त्या फेरीत शत्रूचे एकेकट्यावर रोखलेले हल्ले त्याच्याकडेच वळतात. संघात 'गायराडोस' नावाचा जलप्रकारचा बलाढ्य प्राणी होता. त्याला भीती विजेची. पाचिरिसूच्या अंगी मात्र असा गुण होता, की वीज अंगावर पडली तर इजा होण्याऐवजी त्याची प्राणशक्ती भरून येते! वीज आपल्याकडे ओढून घेऊन जमिनीत सोडणारी तडितरक्षक सळई तुम्ही उंच इमारतींवर पाहिली असेल. तेच काम ही खार करत होती. शिवाय तिची आणखी एक चाल शत्रूची उरलेली प्राणशक्ती थेट निम्मी करते. त्या चालीत स्वतःच्या हल्लाशक्तीचा हिशोबच येत नाही. मग ती शक्ती कमी असली तर बिघडले कुठे?

सेतू बांधताना खारीने वाळू वाहिली ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. तिचा वाटा तिच्या वजनावरून मोजत नाहीत. संघाचेही तसेच आहे. प्रत्येक जागेसाठी प्रश्न असा, 'हा कोणाची उणीव भरून काढतो?'

आमचे बोलणे ऐकत दाजी दारात उभे होते. शेतातून नुकतेच आले होते. हसून म्हणाले, "मग आम्ही सोयाबीनमधी तूर कशाला पेरतो? नुसतं सोयाबीन पेरलं अन् पावसानं दडी मारली, की हातात काय राहतं?" त्यांच्या शेतातले सोयाबीन निघाले होते, तूर फुलोऱ्यात उभी होती. तुरीचे मूळ खोल जाते, सोयाबीननंतरही ती रानात राहते. एकाच संकटाने दोन्ही एकदम जाऊ नयेत, हाच हेतू. भाचा बापाकडे पाहतच राहिला. त्याच्या संघातील सहापैकी चार प्राणी एकाच प्रकाराच्या हल्ल्याला दुबळे होते!

आठ गुणांची किंमत

उणिवा कळल्या, आता त्या किती भरायच्या? वर काढलेला १३२ चा घाव पुन्हा घ्या. खेळात नशिबालाही जागा आहे. प्रत्येक घाव ८५ ते १०० टक्क्यांपर्यंतच्या १६ सारख्याच संभाव्य प्रमाणांपैकी एका प्रमाणात लागतो. त्यामुळे आपल्या उदाहरणातील घाव ११० ते १३२ यांच्या दरम्यान पडेल. तुमच्या प्राण्याची प्राणशक्ती १२५ असेल, तर १६ पैकी ५ वेळा तो एकाच घावात पडेल. ती १२९ केली तर १६ पैकी एकदाच. १३३ केली तर कधीच नाही.

म्हणजे फक्त ८ गुण वाढवले आणि नशिबाचा प्रश्नच मिटला. २०२२ साली आलेल्या 'स्कार्लेट' व 'व्हायोलेट' या भागांत प्रत्येक प्राण्याला सरावाचे ५१० गुण वाटून देता येतात. त्यांतील साठेक गुण इथे खर्च होतील. मात्र प्राणशक्ती १३३ च्या पुढे नेली तर या घावापुरता तो खर्च वाया गेला. पूल बांधणारा अभियंताही असाच हिशोब करतो. लोखंड 'भरपूर' वापरून भागत नाही. कोणता भार, किती वेळा, हे आधी ठरवावे लागते.

भाच्याने विचारले, "म्हणजे मी नशिबानं हरत नव्हतो?"

"काही वेळा नशिबानंही हरला असशील. पण कोणत्या वेळी, हे तुला ठाऊक नाही. तू लिहून कुठे ठेवलंस?"

बदल एका वेळी एकच

हीच त्याची मोठी चूक होती. प्रत्येक पराभवानंतर तो सहाच्या सहा प्राणी बदलत असे. समजा, प्रयोगशाळेत तुम्ही दोलकाची लांबी, गोळा आणि झोक्याचा कोन हे सगळे एकदम बदलले आणि आवर्तकाल बदलला. कशामुळे बदलला, सांगता येईल? नाही. संघाचेही तेच. पाच तसेच ठेवून एक बदलावा, काही लढती खेळाव्यात, नोंद करावी आणि मगच पुढचा बदल करावा.

काही लढती म्हणजे किती? इथेही सावध राहिले पाहिजे. दहापैकी सहा जिंकल्या म्हणून संघ सुधारला असे म्हणू नका. छापा-काट्याचे नाणे दहा वेळा उडवले तरी सहा किंवा अधिक छापे येण्याची संभाव्यता १०२४ मध्ये ३८६, म्हणजे सुमारे ३८ टक्के असते. म्हणून केवळ हार-जीत लिहून पुरत नाही. 'कोणत्या फेरीत, कोणत्या चालीमुळे डाव फिरला' हे लिहावे. त्यातून दहा लढतींतही पुष्कळ शिकता येते.

आणखी एक गोष्ट. हरल्यावर दर वेळी संघच बदलावा लागतो असे नाही. स्पर्धेत सहापैकी चारच प्राणी प्रत्येक डावात उतरवायचे असतात. सहातून चार निवडण्याचे १५ मार्ग आणि त्या चारांतून पहिली जोडी निवडण्याचे ६, म्हणजे एकाच संघातून ९० प्रकारे सुरुवात करता येते. माझा भाचा दर वेळी एकाच पद्धतीने सुरुवात करत होता. उरलेल्या ८९ त्याने पाहिल्याच नव्हत्या.

समोरचाही शिकतो

असा विचार करून बांधलेला संघ तरी कायमचा टिकेल का? नाही. एखादा संघ जिंकू लागला की पुष्कळ लोक त्याची नक्कल करतात. सगळीकडे तोच दिसू लागला की त्याच्यावर मात करणारा संघ बांधणे फायद्याचे ठरते. मग त्याच्यावरचा उतारा येतो. विजयाच्या पोटातच पराभवाचे बी असते.

हे जालना जिल्ह्यातील मुलांना निराळे सांगायला नको. २००२ साली आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारे प्रथिन त्या झाडातच तयार होते. २००६ मध्ये अशा दोन प्रथिनांचे वाण आले. काही वर्षे अळी हटली. पण रानोरान तेच एक शस्त्र वापरले गेले. त्यातून वाचलेल्या थोड्या गुलाबी बोंडअळ्यांचीच पुढची पिढी वाढत गेली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापसाचे मोठे नुकसान झाले. अळी विचार करत नाही. तरीही तिच्या जातीने उतारा शोधला. मग विचार करणारा प्रतिस्पर्धी किती लवकर शोधेल! म्हणून काल जिंकलेला संघही आज पुन्हा तपासावा लागतो.

वहीतील नोंद

सुटी संपेपर्यंत आम्ही एक नियम केला. दिवसाला दोनच लढती, आणि प्रत्येक लढतीनंतर वहीत चार ओळी. बहिणीने मोबाइल काढून घेण्याचा विचार त्या अटीवर पुढे ढकलला!

संक्रांतीच्या आसपास भाच्याचा फोन आला. तो विजेता वगैरे झालेला नाही. त्याच दिवशी एक लढत हरला होता. पण त्याने वहीतील नोंद वाचून दाखवली : 'तिसऱ्या फेरीत बचाव करायला हवा होता, मी हल्ला केला. संघ बरोबर आहे. संघ बदलायचा नाही.' 'मला डोकं नाही' हे वाक्य त्यात कुठेच नव्हते. पुढे म्हणाला, "मामा, सहामाहीच्या गणिताच्या पेपरचंही असंच लिहिलं. सातपैकी पाच गणितं चिन्हाच्या चुकीनं गेलीत. गणित येत नाही असं नाही."

मला त्याच्या विजयाच्या बातमीने इतका आनंद झाला नसता.

करून पाहा

१. एक प्रकार किंवा दोन वेगळ्या प्रकारांची जोडी अशा १८ प्रकारांपासून एकूण किती रचना होतील? (उत्तर १७१ यायला हवे.)

२. दगड-कागद-कात्रीच्या ५० फेऱ्या मित्राशी खेळा आणि प्रत्येक फेरी लिहून ठेवा. हरल्यानंतर पुढच्या फेरीत तुम्ही काय दाखवता? त्यात काही ठरावीक क्रम दिसतो का? तुमच्या मित्राने तो तुमच्याआधी ओळखला असेल!

३. तुमच्या शाळेचा कबड्डीचा संघ घ्या. प्रत्येक खेळाडूपुढे 'हा कोणाची उणीव भरून काढतो?' याचे उत्तर एका वाक्यात लिहा. तुमच्या संघातील खार कोण, ते तुम्हांला आपोआप सापडेल.