कोपऱ्यांचा हिशेब

सकाळी ६
आबा कडब्याच्या गंजीवरून दोर टाकताहेत. दोन्ही टोकांना दगड बांधलेले. गंजी गोल, वर निमुळती होत गेलेली. मे संपत आला की आमच्या गावी, साखऱ्यात, हे काम ठरलेलं, कारण वळवाचं वारं कधी सुटेल याचा नेम नाही. मी पुण्याचं ऑफिस लॅपटॉपात घालून गावी आलोय, त्याला बारा दिवस झाले. उंच इमारतीला वारा किती सतावेल, ते मी काढतो. आबांना यात शिकण्यासारखं काही दिसत नाही. ‘चौकोनी रचली की गंजी उधळती, हे कुणालाबी ठावं हाय.’

सकाळी ९
आजची इमारत मुंबईची. ७० मजले, उंची अडीचशे मीटर, तळ २४ बाय २४ मीटर, चारही कोपरे धारदार. आयएस ८७५ या भारतीय संहितेच्या वाऱ्यावरच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, औरंगाबादसाठी (आताचं छत्रपती संभाजीनगर) ३९. वेगाचा वर्ग करून ०.६ने गुणलं की दाब मिळतो. ४४ला तो चौरस मीटरमागे जवळपास ११८ किलो भरतो. पुढं उंची, आजूबाजूची वस्ती यांचे गुणक लागतात. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. पण हा समोरचा रेटा काँक्रीट सोसतं. माझी झोप उडते ती दुसऱ्याच कारणानं.

सकाळी ११
चहा घेताना आबांनी नेमकं तेच विचारलं. स्क्रीनवर इमारत डुलत होती.
‘वारं इकडून यायलंय, मग बिल्डिंग आडवी काहून हलायली?’

त्यांना बोअरच्या हौदाकडं नेलं. हौदातून घासाच्या वाफ्याकडं दांड जातो, तोंडाशी पाण्याला चांगली ओढ असते. एक बारीक, लांब तुराटी शेंड्याकडून हलकेच धरून पाण्यात उभी सोडली. आबांना वाटलं, पाणी तिला पुढं ढकलेल. ढकललंच, पण त्याबरोबर ती डावी-उजवी थरथरायला लागली. मागं पाण्यात छोटे भोवरे सुटत होते, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं, पाळीपाळीनं. ज्या बाजूला भोवरा सुटतो तिकडं दाब घटतो आणि तुराटी ओढली जाते. आबांनी स्वतः धरून पाहिली. ‘बोटाला गुदगुल्या व्हायल्यात,’ म्हणाले.

इमारतीचं तेच. चौकोनी इमारतीमागचे भोवरे किती वेळानं सुटतील हे वेग आणि रुंदी सांगतात. ही इमारत एक हेलकावा घ्यायला ६.७ सेकंद घेते. भोवऱ्यांची पाळी तिच्याशी जुळते सेकंदाला ३० मीटर वेगाला, म्हणजे ताशी १०८ किलोमीटरला. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावत राहावं, तसं मग होतं. इमारत पडत नाही, पण पासष्टाव्या मजल्यावरच्या माणसाला मळमळतं.

दुपारी २
मीटिंग. उपाय सगळ्यांना माहीत असतो आणि कुणालाच नको असतो. कोपरा मोडा. तैपेई १०१चे कोपरे खाचा पाडून मोडले आणि वाऱ्याचा भार सुमारे पाव भागानं उतरला. शांघाय टॉवरला १२० अंशांचा पीळ दिलाय. बुर्ज खलिफा तर वर जाताना पायरीपायरीनं अंग चोरते. रुंदी दर टप्प्यावर बदलते, त्यामुळं भोवऱ्यांना सगळ्या उंचीवर एका तालात सुटता येत नाही. पोलादी धुराड्यांना वरच्या भागात मळसूत्रासारखी पट्टी गुंडाळतात, तीही भोवऱ्यांची साखळी तोडायलाच.

मी प्रत्येक कोपऱ्यात २.४ मीटरची चौकोनी खाच सुचवली. बिल्डरकडून लगेच गणित आलं: एका कोपऱ्याला ६२ चौरस फूट, मजल्याला २४८. आणि कोपऱ्यातूनच समुद्र दिसतो, तो फ्लॅट सगळ्यात महाग! म्हटलं, फक्त वरच्या २५ मजल्यांवर खाचा द्या, डोलायला जास्त जोर तिथंच बसतो. तरी ६,२०० फूट गेले. फोनवर बराच वेळ शांतता. जमीन विकणाऱ्याशी बांधाच्या चार बोटांवरून भांडताना आबा असेच गप्प होतात.

दुपारी ४.४५
वावटळ आली. धुळीचा खांब आखाड्याकडून गोठ्यावर चालून आला आणि लाइट गेली. गोठ्याच्या पत्र्याचा कोपरा फडफडला. पत्रा वाऱ्यानं दबत नाही, वर ओढला जातो, आणि ओढ कडेला नि कोपऱ्याला सगळ्यात जास्त. आबांनी दगड मधोमध रचलेत. पत्रा आवळायचे जे-बोल्ट कडेला जवळजवळ टाका, असं मी गेल्या वर्षीही सांगितलं होतं. आज दोघांनी मिळून निदान चार दगड कोपऱ्यावर सरकवले. गंजी जागची हलली नाही, आबांनी माझ्याकडं बघितलं, बोलले काही नाहीत.

रात्री ९
लाइट आठला आली. मेल आहे: ‘खाच १.५ मीटर चालेल का?’ माहीत नाही, पुन्हा काढावं लागेल. शेवटचा शब्द वाऱ्याच्या बोगद्याचाच. तिथं तीनशे-चारशेपट लहान प्रतिकृती फिरत्या तबकडीवर, भोवतीच्या इमारतींसकट, दहा-दहा अंशांनी वळवून ३६ दिशांचा वारा अंगावर घेते. उंच इमारतींसाठीच्या आपल्या संहितेनं राहत्या इमारतीला ०.१५ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतकंच त्वरण सोसायला दिलंय, दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या वाऱ्यात.

आकडे भरायला घेतले. आबा दारातून डोकावले. ‘ते जे-बोल्ट हिंगोलीला मिळतेत का सेनगावला?’