प्रत्यंचा

प्रत्यंचा म्हणजे धनुष्याच्या दोन टोकांना जोडून त्याला वाकलेल्या स्थितीत धरून ठेवणारी दोरी होय. ओढलेल्या धनुष्यात साठलेली ऊर्जा प्रत्यंचेमार्फतच बाणाला मिळते. धनुष्याचा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर झिजणारा भाग आहे. चांगले धनुष्य अनेक वर्षे टिकते; प्रत्यंचा मात्र वरचेवर बदलावी लागते आणि ती त्या विशिष्ट धनुष्याच्या मापाची असावी लागते. त्यामुळे ती स्वतः तयार करण्याची रीत धनुष्याइतकीच जुनी आहे. दोरी वळण्याचे कौशल्य आणि वाख देणाऱ्या वनस्पती असल्या, की धाराशिवसारख्या कोरडवाहू जिल्ह्यातही प्रत्यंचा घरी बनविता येते.

नावे

अमरकोशात प्रत्यंचेसाठी मौर्वी, ज्या, शिंजिनी व गुण ही नावे येतात. यांतील मौर्वी हा शब्द मूर्वा या वनस्पतीवरून आला आहे; तिच्या वाखाची दोरी धनुष्यासाठी उत्तम मानली जाई. मूर्वा ज्या वनस्पतिगटातील समजली जाते, त्याला इंग्रजीतही 'बोस्ट्रिंग हेम्प', म्हणजे प्रत्यंचेचा ताग, असेच म्हणतात. मनुस्मृतीत क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेच्या प्रत्यंचेची असावी असे सांगितले आहे. फारसीतून आलेला चिल्ला हा शब्दही जुन्या मराठीत रूढ होता.

शालेय भूमितीतील वर्तुळाची जीवा ही मुळात प्रत्यंचाच होय. वर्तुळाचा कंस हे धनुष्य मानले, तर त्याची टोके जोडणारी रेषा ही त्याची दोरी ठरते. आर्यभटाने (इ.स. ४९९) अर्ध्या जीवेची कोष्टके दिली. हा शब्द अरबीत 'जीबा' म्हणून गेला, पुढे 'जैब' असा वाचला गेला व त्याच्या लॅटिन भाषांतरातून 'सायनस' आणि आजचा 'साइन' हा शब्द तयार झाला. त्रिकोणमितीतील या संज्ञेच्या मुळाशी अशा प्रकारे धनुष्याची दोरी आहे.

नैसर्गिक साहित्य

कौटिलीय अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात प्रत्यंचेची सहा द्रव्ये सांगितली आहेत : मूर्वा, अर्क म्हणजे रुई, शण म्हणजे ताग, गवेधु नावाचे तृण, वेणु म्हणजे बांबू आणि प्राण्यांचे स्नायू. कापसाचे नाव या यादीत नाही. ही निवड व्यवहाराला धरून आहे. कापसाचे तंतू आखूड असल्याने त्याची दोरी ओढीखाली लांबते व तुलनेने लवकर तुटते. प्रत्यंचेसाठी लांब, मजबूत व कमी ताणणारे तंतू लागतात आणि ते बहुधा खोडाच्या सालीत किंवा पानांत मिळतात.

धाराशिव जिल्ह्यात यांतील रुई सर्वत्र आढळते. पडीक जमीन, शेताचे बांध, रस्त्यांच्या कडा अशा ठिकाणी ती पाण्याशिवाय वाढते व जनावरे ती सहसा खात नाहीत. ताग हे हिरवळीच्या खताचे पीक म्हणून परिचित आहे. अंबाडीची भाजी मराठवाड्यात आवडीने खाल्ली जाते आणि तिच्या वाखापासून दावी, कासरे व चऱ्हाटे वळली जात. घायपाताचा वाख लांब व पांढराशुभ्र असला तरी तो जाड व ताठ असतो. त्याचा दोरखंड चांगला होतो, परंतु बाणाच्या खाचेत बसेल इतकी बारीक व गुळगुळीत दोरी त्यापासून वळणे कठीण जाते. मराठवाड्यात दोरखंड वळण्याचे काम परंपरेने प्रामुख्याने मातंग समाजाकडे होते. त्यातील पेड, पीळ, सुंभ हे शब्द प्रत्यंचेच्या कामातही जसेच्या तसे लागू पडतात.

ताग व अंबाडी यांचा वाख सुटण्यासाठी खोडे दोन-तीन आठवडे पाण्यात कुजवावी लागतात. सतत टंचाई सोसणाऱ्या या जिल्ह्यात ही अट लहान नाही. रुईच्या बाबतीत ती नाही. तिची साल वाळवून हातानेच सोलता येते. याच कारणाने येथील घरगुती प्रयोगासाठी रुई ही सर्वांत सोयीची वनस्पती ठरते. तिचा पांढरा चीक मात्र डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. त्यामुळे काम करताना हात डोळ्यांना लावू नये आणि लहान मुलांकडे हे काम देऊ नये.

तुळजापूरच्या तुळजाभवानीच्या अष्टभुजा मूर्तीच्या हातांत इतर आयुधांसह धनुष्य व बाण आहेत. या परिसराला धनुष्याची ओळख जुनीच आहे. परंतु महाराष्ट्रात धनुष्य रोजच्या वापरात टिकले ते सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत. त्यांच्या धनुष्याची केवळ काठीच नव्हे, तर दोरीही बांबूची असते. बांबूच्या बाहेरील सालीलगत तंतू सर्वांत दाट असतात. तेथून काढलेली पातळ, चिवट कामटी टोकांना फासांनी अडकवितात. अर्थशास्त्रातील वेणुज्या ती हीच. अशी पट्टी वळावी लागत नाही व ती जवळजवळ ताणतही नाही. मात्र तिला पीळ देता येत नसल्याने लांबीतील बारीक फेरफार करणे अवघड जाते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. त्यानंतर या धनुष्यांचे स्थान मुख्यतः सण, समारंभ व क्रीडा यांत राहिले आहे.

वाखाची प्रत्यंचा

रुईची बोटाएवढी जाड, सरळ व फांद्या नसलेली खोडे निवडून एक-दोन दिवस उन्हात ठेवतात. चीक सुकल्यावर खोड ठेचून साल लांब पट्ट्यांत सोलली जाते. आतील बाजूस चिकटलेले रेशमासारखे पांढरे तंतू वेगळे करून हाताने चोळतात व विंचरून घेतात. मांडीवर किंवा टकळीवर त्यांचे बारीक, एकसारखे सूत काढतात. सुताला नवे तंतू जोडताना दोन जोड एकाच ठिकाणी येणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते, कारण दोरी तुटते ती बहुधा तेथेच.

सुतांचे दोन किंवा तीन पेड करून ते एकमेकांवर वळतात. प्रत्येक पेडाला स्वतंत्रपणे उजवा पीळ द्यायचा आणि पेड परस्परांवर मात्र डावीकडे फिरवायचे, हे यातील तत्त्व आहे. दोन्ही पीळ विरुद्ध असल्याने एक उलगडू लागला की दुसरा घट्ट होतो व दोरी आपोआप बांधलेली राहते. दावे वळणाऱ्यास हे वेगळे शिकवावे लागत नाही. तयार दोरीवर मेण चोळतात. ते तंतूंना एकत्र धरते व ओल आत जाऊ देत नाही.

अशा दोरीची ताकद किमान धनुष्याच्या ओढीच्या चौपट असावी, असा जुना ठोकताळा आहे. ओढ म्हणजे धनुष्य पूर्ण ओढताना लागणारे बल. ते पौंडांत सांगतात. २५ पौंड ओढीच्या धनुष्यासाठी दोरीने १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलोग्रॅम भार पेलला पाहिजे. ५० किलोग्रॅमचे धान्याचे पोते जमिनीपासून वीतभर उंचीवर दोरीने टांगून ही परीक्षा घरी करता येते. मात्र टांगलेले पोते स्थिर असते. बाण सुटताना दोरीला बसणारा हिसका या परीक्षेत कळत नाही, म्हणून काठावर उत्तीर्ण झालेली दोरी वापरू नये.

कृत्रिम धाग्याची प्रत्यंचा

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अळशीच्या वाखाची जागा डॅक्रॉन या पॉलिस्टर धाग्याने घेतली. १९७० च्या दशकात केव्हलार वापरात आले. ते ताणत नसे, पण पूर्वसूचना न देता तुटे. १९८० च्या दशकापासून अतिबलवान पॉलिएथिलीनचे धागे रूढ झाले. घरी शिकणाऱ्यासाठी डॅक्रॉन अजूनही सर्वांत योग्य आहे. ते किंचित ताणत असल्याने हिसका सौम्य होतो. जुन्या लाकडी वा बांबूच्या धनुष्यावर पॉलिएथिलीनची न ताणणारी प्रत्यंचा चढविल्यास तो सर्व हिसका टोकांच्या खाचांवर येतो व टोक चिरण्याची शक्यता असते. बाजारातील नायलॉनची दोरी उलट दोषाची आहे. ती इतकी ताणते की बाणाला वेगच मिळत नाही.

डॅक्रॉनचा एक धागा साधारण ५० पौंड भार पेलतो. ३५ ते ४५ पौंड ओढीसाठी १२ धागे घेतात. त्यांची एकत्रित ताकद ६०० पौंड होते. चौपटीच्या नियमाने इतकी गरज नसते. येथे धाग्यांची संख्या ताकदीपेक्षा बाणाच्या खाचेवरून व ताण किती सोसायचा यावरून ठरते. दोरी फार बारीक झाली तर बाण खाचेतून निसटतो, आणि निसटलेला बाण म्हणजे धनुष्य रिकामे सुटणे होय.

सर्वांत सोपी पद्धत अखंड फेऱ्यांची आहे. फळीवर हव्या त्या अंतरावर दोन गुळगुळीत खुंट्या ठोकून धागा त्यांच्याभोवती सलग गुंडाळतात. एका फेरीत दोन धागे होतात, म्हणून १२ धाग्यांना सहा फेऱ्या लागतात. सर्व फेऱ्यांचा ताण सारखा ठेवणे हेच या कामातील खरे कसब आहे. तीन धागे सैल राहिले, तर प्रत्यंचा दिसायला १२ धाग्यांची आणि कामाला नऊ धाग्यांची होते. त्यानंतर दोन्ही टोकांना वेगळ्या दोऱ्याचे घट्ट वेष्टन देऊन फास तयार करतात. मध्यभागी बाण व बोटे जेथे लागतात तेथेही वेष्टन देतात, आणि बाण दरवेळी एकाच जागी बसावा म्हणून तेथे लहान गाठ घालतात.

दुसऱ्या, फ्लेमिश पद्धतीत सहा-सहा धाग्यांचे दोन पेड करून दोन्ही टोकांचे फास वाखाच्या दोरीप्रमाणेच उलटसुलट पिळाने वळतात. धाग्यांची टोके एकाच ठिकाणी न संपविता थोड्या थोड्या अंतराने तोडलेली असतात. त्यामुळे फासाखालची जाडी हळूहळू कमी होते. या पद्धतीस फळी लागत नाही.

लांबी व पीळ

प्रत्यंचा धनुष्यापेक्षा साधारण ३ इंच आखूड असते. धनुष्यावर ६४ इंच अशी नोंद असल्यास सुमारे ६१ इंच. तिची नेमकी लांबी पिळाने साधतात. पीळ वाढविला की दोरी आखडते व चढविलेल्या धनुष्याची मूठ आणि प्रत्यंचा यांतील अंतर वाढते. टोके पुढे वळलेल्या धनुष्यात हे अंतर साधारण ८ ते ९ इंच, तर सरळ धनुष्यात ६ ते ७ इंच ठेवतात. ते कमी पडल्यास दोरी मनगटावर आदळते. जास्त झाल्यास बाणाला रेटा देणारे अंतर घटते व धनुष्यावर कायमचा ताण राहतो. पीळ अजिबात नसेल तर धागे फाकतात, आणि अती दिल्यास दोरी स्प्रिंगसारखी ताणू लागते.

प्रत्यंचेचे वजनही महत्त्वाचे असते. बाणाबरोबर तिचा मध्यभाग पूर्ण वेगाने सरकतो, टोके जवळजवळ स्थिर असतात. हिशेबाने तिच्या वजनाचा सुमारे एक-तृतीयांश भाग बाणालाच बांधल्यासारखा होतो. प्रत्यंचा ६ ग्रॅमची असल्यास बाण २ ग्रॅमने जड झाला असे मानता येते. 'थोडी जाड असलेली बरी' हा समज म्हणूनच पूर्णतः खरा नाही.

झीज व धोके

नवी प्रत्यंचा प्रथम लांबते. काही तास चढवून ठेवल्यावर व अनेक बाण सोडल्यावर मूठ व दोरी यांतील अंतर पुन्हा मोजून पीळ वाढवावा लागतो. झीज तीन ठिकाणी होते : दोन्ही फास आणि मधले वेष्टन. वेष्टन सुटले तर ते नव्याने देता येते. एकही मूळ धागा तुटला असेल तर मात्र संपूर्ण प्रत्यंचा बदलणे हाच उपाय आहे; गाठ मारून काम भागविणे धोक्याचे ठरते. ओढलेल्या स्थितीत दोरी तुटल्यास ऊर्जा बाणात न जाता धनुष्यातच राहते; भुजा मोडतात व तुकडे चेहऱ्यावर येऊ शकतात. बाण न लावता रिकामे धनुष्य सोडल्यानेही असाच परिणाम होतो. दोरीच्या फटक्यापासून हाताचे रक्षण करणाऱ्या चामडी पट्ट्याला अमरकोशात गोधा असे नाव आहे; आजही धनुर्धर तसाच पट्टा बांधतात.

घरी बनविलेली प्रत्यंचा साध्या बांबूच्या धनुष्यावर, तसेच ऑलिंपिकमध्ये वापरल्या जाणाऱ्या रिकर्व्ह धनुष्यावर चढविता येते. साताऱ्याच्या अदिती स्वामी व नागपूरचे ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिन येथे ज्या कंपाउंड प्रकारात जागतिक विजेतेपद मिळविले, त्यातील कप्प्यांचे धनुष्य मात्र वेगळे असते. त्याची प्रत्यंचा व केबल बदलण्यासाठी भुजा दाबून धरणारे यंत्र लागते, आणि त्याशिवाय ती सोडविण्याचा प्रयत्न करू नये.