एक वाव दोरी

आमच्या गावच्या विहिरीला अडीच पुरुष पाणी होते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कमरेला वाळका भोपळा बांधून मला तिच्यात सोडले तेव्हा मी सात वर्षांचा असेन. पुढे भोपळा सुटला, सूर मारता येऊ लागला आणि आम्हा पोरांत तळाची माती आणण्याच्या पैजा लागू लागल्या. ज्याच्या मुठीत काळा चिखल, तोच खरा शूर! अण्णा मात्र प्रत्येक वेळी माझ्या कमरेला दोरी बांधीत आणि दुसरे टोक हातात धरून काठावर उभे राहत. मित्र हसत. मला त्या दोरीची भारी लाज वाटे.

त्या दोरीचा अर्थ कळायला मला वयाची सत्तेचाळीस वर्षे आणि इंग्लंडातली एक दगडाची खाण लागली.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही लेस्टर शहरी येऊन राहिलो. तिथून मोटारीने फार दूर नाही अशी स्टोनी कोव्ह नावाची ग्रॅनाइटची जुनी खाण आहे. १९५८ साली तिथले खोदकाम थांबले आणि झऱ्यांच्या पाण्याने खाण भरून गेली. खाणकामगारांनी कोरलेले टप्पे आता पाण्याखाली आहेत. पहिला सहा-सात मीटरवर, दुसरा वीस-बावीस मीटरवर आणि तळ सुमारे पस्तीस मीटरवर. समुद्रापासून दूर राहणारे हौशी पाणबुडे इथे शिकायला येतात. आमच्या कन्येने सतराव्या वर्षी हट्ट धरला, “मला स्कूबा शिकायचंय.” ही म्हणाली, “अहो, पोरीला एकटीला कशी पाठवायची? तुम्हीही जा.” झाले! बापलेक एकाच वर्गात दाखल झालो.

डोळ्यांची रजा

स्कूबा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निळा समुद्र आणि रंगीत मासे येतात. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी श्वासाबरोबर हवा तितकीच हवा देणारी झडप तयार केली आणि माणूस पाण्याखाली माशासारखा मोकळा झाला, हे खरेच. पण तळी, नद्या आणि खाणी यांचे पाणी निराळे. तळाशी पिठासारखा गाळ बसलेला असतो. पायांतल्या रबरी पावलीचा एक चुकार फटकारा बसला की तो ढगासारखा उठतो आणि मग आपलाच हात आपल्याला दिसत नाही. विजेरी लावावी तर धुक्यात मोटारीचे दिवे लावल्यासारखी गत! प्रकाश गाळाच्या कणांवरून उलटून डोळ्यांतच येतो.

कानांचाही उपयोग नाही. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. तो दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच आदळतो आणि कोणत्या दिशेने आला ते उमगत नाही. उरतो तो स्पर्श. म्हणून अशा पाण्यात जोडीदाराला एक वावभर दोरीने बांधून घेतात. दोरीला एक हिसका म्हणजे ‘ठीक आहे ना?’ चार हिसके म्हणजे ‘वर चला.’ हिसक्यांमागून हिसके म्हणजे संकट!

आणि एक नियम आमच्या शिक्षकाने दहादा घोकून घेतला होता. जोडीदार हरवला तर जागच्या जागी मिनिटभर शोधायचे, नाही सापडला तर सावकाश वर यायचे. दोघांनी नियम पाळला की दोघे वर भेटतात.

नुसत्या हातांवर किती काम होऊ शकते, त्याचीही एक गोष्ट आम्हाला ठाऊक झाली. इंग्लंडातले विंचेस्टरचे पुरातन कॅथीड्रल दलदलीच्या जमिनीत खचू लागले. पायासाठी खणावे तर खड्डा पाण्याने भरे, आणि पाणी असे काळे की दिवा निरुपयोगी. तेव्हा विल्यम वॉकर नावाचा पाणबुड्या, अंगावर अवजड पोशाख चढवून, १९०६ ते १९११ या काळात जवळजवळ रोज त्या अंधारात उतरला. सहा मीटरपर्यंत खोल पाण्यात, केवळ चाचपडत, त्याने काँक्रीटची हजारो पोती रचली. त्याने तळ बंद केल्यावर पाणी उपसता आले आणि गवंड्यांनी वरचे काम केले. कॅथीड्रल आजही उभे आहे. पण ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, वॉकर खाली एकटा असला तरी त्याची दोरी आणि हवेची नळी वरच्या माणसांच्या हाती असे.

“मी आहे ना!”

२०१८ च्या दिवाळीआधीचा रविवार. परीक्षा होऊन आम्हाला दाखले मिळाले होते. पाणी अकरा अंशांवर आले होते. काठावर कन्या म्हणाली, “बाबा, दोरी बांधू या का?”

मी म्हटले, “कशाला? नेहमीची जागा. मी आहे ना!”

पहिल्या टप्प्यावर दोन-तीन हात दिसत होते. ती माझ्या उजव्या हाताला. कडेशी एक जुना लोखंडी पाइप दिसला म्हणून मी वळलो. वळताना पाय खाली गेले आणि गाळ उठला. क्षणात सगळे तांबूस-काळे झाले. उजवा हात पसरला, तर हाती नुसते पाणी!

मिनिटभर थांबून वर जायचे, हे मला पाठ होते. पण बापाचे मन घड्याळ मानीत नाही. टप्प्याची कड समोर होती. पोरगी घसरून खाली गेली असेल तर? मी कडेवरून खाली गेलो. कुठूनशी ‘टण्‌ टण्‌’ ऐकू आली. कोणीतरी सिलिंडर वाजवीत होते. समोर? मागे? सगळीकडूनच! दुसऱ्या टप्प्यावर गाळात गुडघे टेकले. वीस मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागावरच्या तिप्पट हवा लागते आणि घाबरलेला माणूस दुप्पट वेगाने श्वास घेतो. हवेचा काटा काचेला टेकवून पाहिला. शंभराच्या वर होता तो साठावर आला होता. वर कुठे आणि खाली कुठे, तेही कळेना.

मग गालावरून काहीतरी सुळसुळत गेले. माझेच बुडबुडे! बुडबुडे कधी चुकत नाहीत; ते वरच जातात. त्यांच्यामागून, त्यांच्याहून सावकाश, मी निघालो. एकेक मीटर म्हणजे एकेक वर्ष वाटले. वर जाऊन हिला काय सांगू, हा एकच प्रश्न डोक्यात होता.

डोके पाण्याबाहेर आले. पंधरा हातांवर कन्या तरंगत होती. ओठ निळे पडलेले, डोळे पाण्यावर खिळलेले. ती बरोबर एक मिनिट शोधून वर आली होती आणि तेव्हापासून माझी वाट पाहत होती. काठावर आमचा शिक्षक मला शोधायला पाण्यात उतरायच्या बेतात होता. माझ्या शूरपणापायी तिसऱ्याचा जीव धोक्यात पडणार होता!

ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “बाबा, मी वर येईन हे तुम्हाला ठाऊक होतं ना? मग माझ्यावर विश्वास का नाही ठेवलात?”

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सतरा वर्षे मी तिला नियम पाळायला शिकवले, आणि ती ते पाळील हेच मला खरे वाटत नव्हते.

संध्याकाळी दारात पणत्या लावताना हिला सगळे सांगितले. ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, मामंजी दोरी धरून काठावर उभे राहायचे म्हणता ना? त्यांनी कधी उडी मारली होती का?”

नव्हती मारली. तेव्हा मला वाटे, अण्णांना भीती वाटते. आता कळते, पोराला खाली सोडून वर दोरी धरून शांत उभे राहणे हे उडीपेक्षा अवघड काम आहे.

आता पाण्यात उतरण्याआधी मीच दोरीची गाठ मारतो. गाळ उठतो, सगळे काळे होते. आणि मग मनगटाला एक हिसका बसतो. मीही एक हिसका परत देतो.