छपराचे उत्पन्न

परदेशांत प्रवासी गाड्या आणि विहारनौका भाड्याने सांभाळणाऱ्या तळांवर सौरपत्र्यांचे छप्पर घालून दुहेरी उत्पन्न घेतात; परंतु खजुरीसारख्या, 1948 पूर्वी निजामाच्या अमलाखाली असलेल्या आळंद तालुक्यातील कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या गावी नौका कुठली? येथे आहेत ते ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि मळणीयंत्रे. तुरीचा हंगाम सरला की तीच अवजारे उन्हापावसात गंजत पडतात, आणि त्यांच्या मालकांकडूनच माफक भाडे मिळणे शक्य आहे.

खरा लाभ मात्र विजेचा. 100 किलोवॅटच्या छपरातून वर्षाला सुमारे 1,40,000 युनिटे निघू शकतात. अक्षांश साडेसतरा असल्याने पत्रे दक्षिणेकडे साधारण तितकेच अंश कलते ठेवावेत, आणि धुळीच्या दिवसांत ते धुण्यास पाणी हवे, ही गोष्ट अंदाजपत्रके करणारे हटकून विसरतात. खांब यंत्राहून उंच घ्यावे लागतात, वाऱ्याची उचल सोसणारा पाया खर्चिक असतो. म्हणून केवळ भाड्यावर भांडवल फिटेल, अशा भ्रमात राहू नये.

कोचीच्या विमानतळाने 2015 मध्ये आपली सारी वीज सूर्यापासून घेतली आणि पुढे वाहनतळही सौरपत्र्यांनी झाकला. येथे मात्र आधी बिगरशेती परवाना, मग वीजकंपनीशी करारनामा. त्याआधी लोखंड खरेदी करू नये.