दिवाळीची सुटी आणि विलायतेचा अर्ज

कापडाच्या धंद्यात दिवाळीचे पंधरा दिवस म्हणजे वर्षाची कमाई. त्याच दिवसांत शाळा-कॉलेजला सुटी असते, म्हणून मुलाला काउंटरवर उभे करायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. आमच्या वडिलांनी तेच केले आणि आम्हीही तेच केले. परंतु बारावीच्या मुलाला परदेशी विद्यापीठात जायचे असेल तर हीच सुटी अर्जाची असते, हे आम्हाला नुकसान झाल्यावर कळले.

२०२४ साली आमचा मुलगा बारावीत होता. त्याला इंग्लंडमध्ये वस्त्रोद्योगाचे शिक्षण घ्यायचे होते. सोलापुरात टॉवेल-चादरीच्या दुकानात वाढलेल्या मुलाची ही इच्छा आम्हाला आवडली. लीड्सच्या विद्यापीठाचे मूळ १८७४ साली निघालेल्या यॉर्कशायर कॉलेजात आहे, आणि तेथील कापड विभागाला लंडनच्या कापडवाल्यांच्या जुन्या संघाने पैसा पुरविला होता. व्यापाऱ्यांनी तालीमसाठी काय करावे, याचा हा नमुनाच!

पण "भाऊबीजेनंतर पाहू," असे म्हणत आम्ही मुलाला दुकानातच ठेवले. जानेवारीत धावपळ झाली. एका एजंटाने तयार निवेदन हाती दिले. त्यात मुलाला 'लहानपणापासून फॅशनची आवड' होती. रेडीमेड शर्टासारखे ते कोणाच्याही अंगावर बसले असते. २९ जानेवारी २०२५ च्या मुदतीत अर्ज गेला, पण पाचही ठिकाणांहून नकार आला. कारण कोणी सांगितले नाही. मात्र ते निवेदन पुन्हा वाचून आम्हीच खजील झालो.

मुलाने इथेच पदवीला प्रवेश घेतला. २०२५ ची दिवाळी आली तेव्हा तो म्हणाला, "अब्बा, मला फक्त सकाळी मोकळे सोडा." गिऱ्हाईक दुपारनंतरच वाढते. आम्ही सकाळ त्याला दिली.

ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज 'यूसीएएस' या संस्थेमार्फत जातात. एका अर्जात पाच पर्याय देता येतात आणि पाचही ठिकाणी एकच निवेदन जाते. २०२६ च्या प्रवेशापासून त्यात तीन प्रश्न आले आहेत: हा विषय का हवा, आतापर्यंतच्या शिक्षणाने काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले. सारे मिळून ४,००० अक्षरांत बसवायचे. मजकूर दुसऱ्याच्या अर्जाशी जुळतो का, हेही तपासले जाते.

तिसऱ्या प्रश्नाला मुलगा अडला. दुकानाचे लिहायला त्याला लाज वाटत होती. आम्ही म्हणालो, "बेटा, रंग उतरलेली चादर परत आली तेव्हा तू काय केलेस?" त्याने तिचे तुकडे गरम व थंड पाण्यात धुऊन पाहिले होते. टॉवेल वजनावरून का विकतात, हेही त्याला ठाऊक होते. तेच त्याने लिहिले. ते कोणत्याही एजंटाला लिहिता आले नसते.

वाचक बांधवांनी आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, नाव. दाखल्यावर 'मो.' आणि पासपोर्टवर 'मोहम्मद', असा फरक आपल्याकडे घरोघरी सापडतो. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ती सुटीच्या आधीच सुरू करावी.

दुसरी, शिक्षकांचे शिफारसपत्र. सुटीत सर गावाला जातात. आधी सांगून ठेवावे.

तिसरी, तारीख. गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नये. २०२५ साली मुदत २९ जानेवारी होती, २०२६ साली ती १४ जानेवारीवर आली. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डॉक्टरकीच्या अभ्यासक्रमांची मुदत तर १५ ऑक्टोबरलाच संपते. बोर्डानुसार किती गुण मागतात, तेही त्या-त्या विद्यापीठाकडेच पाहावे.

चौथी, रोकड. ब्रिटनच्या व्हिसासाठी पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दाखवावा लागतो. व्यापाऱ्याचा पैसा मालात आणि उधारीत फिरत असतो. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

मुलाला दोन ठिकाणांहून होकार आला. फीचा आकडा पाहून घरात दोन रात्री चर्चा चालली. तो कुठे शिकेल, हे हिशेब ठरवील. पण बापाने सुटी दिली नाही म्हणून दार बंद झाले, असे तरी त्याला म्हणावे लागणार नाही. सीझन दरवर्षी येतो; मुलाची बारावी एकदाच येते.