तंबोऱ्याचा खर्ज : बद्द नाद व त्याची परीक्षा

तंबोऱ्याच्या चौथ्या तारेस खर्ज म्हणतात. जोडाच्या दोन पोलादी तारांच्या षड्जाखाली एक सप्तक असलेला षड्ज या तारेतून मिळतो. ती बहुधा पितळेची व इतर तारांहून जाड असते. ती छेडली असता भरदार व लांबणारा नाद न येता दबलेला, लवकर विरणारा नाद येऊ लागला, म्हणजे खर्ज बद्द वाजतो असे म्हणतात. हा दोष तारेचा, दोऱ्याचा की जवारीचा हे ठरविल्याशिवाय घोडीला कानस लावणे धोक्याचे असते. कारण तार व दोरा बदलता येतात, पण घोडीचा घासलेला पृष्ठभाग पूर्ववत होत नाही.

काळी एक या पट्टीत पुरुषी तंबोऱ्याच्या जोडाची कंप्रता सेकंदाला सुमारे 139, तर खर्जाची सुमारे 69 असते. इतक्या खालच्या नादाच्या बाबतीत मानवी कान मुळातच मंद असतो. त्यामुळे खर्जाचा जो भरीवपणा आपणास जाणवतो, तो मुख्यत्वे त्याच्या उपस्वरांचा असतो. पाचव्या उपस्वरातून गायकास परिचित असा स्वयंभू गांधार ऐकू येतो. तो स्पष्ट उमटणे ही खर्ज निर्दोष असल्याची जुनी व भरवशाची खूण होय. बद्द खर्जात मूळ स्वर असतोच. हरवलेले असतात ते उपस्वर.

हे उपस्वर टिकविण्याचे काम घोडी करते. तिचा माथा धारदार नसून रुंद व किंचित उतरता असतो आणि तार व माथा यांच्यामध्ये सुती किंवा रेशमी दोरा सरकविलेला असतो. कंप पावणारी तार माथ्याला पुनःपुन्हा स्पर्श करते व त्या स्पर्शामुळे उच्च उपस्वर सतत नव्याने जागे होतात. तार जेथे छेडली जाते, तेथे ज्यांचा निस्पंद बिंदू येतो ते उपस्वर नियमानुसार निर्माण होऊ नयेत. पण तंबोऱ्यात तेही ऐकू येतात, याकडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये लक्ष वेधले.

परीक्षेचा आरंभ चारही तारा छेडून करावा. सर्वच तारा मंद वाजत असतील, तर दोष तबलीला गेलेला तडा, सुटलेला सांधा किंवा ओल यांपैकी एखाद्यात शोधावा. पनवेल तालुक्यातील गव्हाणसारख्या खाडीलगतच्या भागात पावसाळ्यातील दमट हवेने लाकूड फुगते व तार काळवंडते. दोष एकट्या खर्जात असेल, तर प्रथम ताण पाहावा. वाद्य एक पूर्ण स्वर खाली उतरविल्यास तारेचा ताण सुमारे 21 टक्क्यांनी घटतो. मग तीच तार सैल पडून घोडीवर नुसती फडफडते; अशा वेळी थोडी जाड तार हाच उपाय. यानंतर दोरा केसभर पुढेमागे सरकवून पाहावा. तो जागेवरून हलला, झिजला किंवा ओलावला, की जवारी बंद होते. बहुसंख्य तक्रारी येथेच मिटतात.

दोरा सरकवूनही नाद खुलला नाही, तर तारेवरून नख फिरवावे. मुरड, गंज वा घामाचा थर असल्यास तिचे वजन सर्वत्र सारखे राहत नाही व उपस्वर परस्परांशी जुळत नाहीत. बास गिटार या पाश्चात्त्य वाद्याचा अनुभव याहून वेगळा नाही. तिच्या सर्वांत जाड तारेची कंप्रता सुमारे 41 असते. पोलादी गाभ्याभोवतीच्या गुंडाळीत मळ साठला किंवा तार बसविताना गुंडाळी सैल झाली, तर नवीकोरी तारही बद्द वाजते. म्हणून ‘तार नवीच आहे’ एवढ्यावरून तिला निर्दोष मानू नये. मात्र नवी पितळी तार ताणून स्थिर व्हायला काही दिवस लागतात, तोवर निकाल देण्याची घाई नको.

तार चांगली ठरल्यावर घोडीकडे वळावे. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तारेखाली खाच पडते. तार त्या खाचेतून किंचित बाजूला, माथ्याच्या अस्पर्श भागावर सरकवावी. नाद तत्काळ खुलला, तर जवारी काढण्याची वेळ आली असे समजावे. खर्जाचा झोल मोठा असल्याने त्याच्याखालील उतार पोलादी तारांच्या उतारासारखाच ठेवून भागत नाही. हे काम कानस, पॉलिश कागद व मुख्यतः कान यांच्या साहाय्याने होते आणि ते जाणत्या कारागिराकडेच सोपवावे.

महाराष्ट्रात अशा कारागिरांचे प्रमुख केंद्र मिरज होय. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांच्यापासून, एकोणिसाव्या शतकात, तेथील तंतुवाद्यनिर्मितीचा प्रारंभ झाल्याचे मानतात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (1872–1937) हे मिरजेत स्थायिक झाले होते. वाद्यदुरुस्तीतही ते वाकबगार होते. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घोडीच्या माथ्यासाठी पूर्वी हस्तिदंत वापरीत. त्याचा व्यापार बंद झाल्यावर हाड, शिसवी लाकूड व कृत्रिम पदार्थ वापरात आले. माथा मऊ असेल तर खाच लवकर पडते आणि जवारीही तितक्याच लवकर पुन्हा काढावी लागते. दुरुस्तीस देताना वाद्य कोणत्या पट्टीत लागते ते कारागिरास सांगावे व नेहमीची खर्जाची तार त्यावर चढवूनच द्यावे. कारण एका जाडीच्या तारेसाठी काढलेली जवारी दुसरीला जुळेलच असे नाही.