किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे

गहू, सातू (जव) आणि आपल्याकडे क्वचित दिसणारे राय या धान्यांच्या दाण्यांतील प्रथिनांच्या एका समूहास ग्लुटेन म्हणतात. कणकेला चिवटपणा येतो तो त्यामुळेच. सिलिअ‍ॅक आजार असलेल्या व्यक्तीत मात्र याच प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तरास इजा होते. अन्नघटकांचे शोषण मंदावते, मुलांची वाढ खुंटते, रक्तक्षय हटत नाही. आजन्म ग्लुटेन वर्ज्य करणे हाच त्यावरील प्रस्थापित उपाय होय. उत्तर भारतातील पाहणीत सुमारे शंभरात एका व्यक्तीस हा आजार आढळला आहे.

ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा, तांदूळ, मका व कडधान्ये यांत हे ग्लुटेन निसर्गतःच नसते. त्यामुळे काही शेतकरी गट व बचत गट ज्वारी-बाजरीच्या पिठावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापू लागले आहेत. कणसातील दाण्याबाबत हे विधान निर्विवाद आहे. पिशवीतील पिठाबाबत ते सिद्ध करावे लागते.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ग्लुटेनमुक्त पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही. गव्हाचा एक दाणा सुमारे 40 मिलिग्रॅम वजनाचा आणि त्यात स्थूलमानाने दहा टक्के ग्लुटेन धरले, तर किलोभर ज्वारीत पाच गहू मिसळताच ही मर्यादा गाठली जाते. किलोभर टपोऱ्या ज्वारीत सुमारे 30 हजार दाणे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप उमगते.

हे पाच दाणे येतात कोठून? रब्बी ज्वारी आणि गहू यांची सुगी मागेपुढेच येते व मळणी यंत्र बहुधा एकच असते. बारदानही पुन्हा वापरले जाते. त्याच्या शिवणीत दाणे अडकून राहतात. तथापि, सर्वांत मोठा वाटा गिरणीचा. दगडांच्या फटीत, नळीच्या वळणावर, झाकणाच्या आतल्या कडेला पीठ साचून राहते. दहा किलोंच्या दळणात असे दोन ग्रॅम गव्हाचे पीठ उतरले, तरी मर्यादा संपते.

कीटकशास्त्रज्ञांना या जागा चांगल्याच परिचित आहेत. पिठातील तांबडे भुंगेरे नेमके तेथेच वाढतात. उबदार हवेत साधारण महिन्याभरात त्यांची एक पिढी पुरी होते. ज्या फटीत भुंगेरा सापडतो, तेथे जुने पीठ आहे असे खुशाल समजावे. मात्र, धुरीकरणाने कीड मरते, पीठ जागीच राहते. आणि भाजल्याने वा शिजवल्यानेही ग्लुटेन नाहीसे होत नाही. म्हणून पीठच काढावे लागते, तेही ब्रश व शोषण यंत्राने. हवेच्या झोताने ते उडून दुसरीकडे बसते. विक्रीच्या पिठासाठी स्वतंत्र गिरणीच हवी. घरच्या रुग्णासाठी निदान घरगुती चक्की वेगळी ठेवावी. गहू निवडायचा तो दळण्यापूर्वीच. पांढऱ्या ज्वारीत तो ताटात सहज दिसतो, पिठात दिसत नाही.

स्वयंपाकघरातील काही जिन्नस याहून फसवे असतात. रवा, मैदा, शेवया, कुरडई, दलिया हे गव्हाचेच. पण बाजारातील बांधानी हिंगात बहुधा मैदा वा कणीक असते, हे अनेक रुग्णांना ठाऊक नसते. थालीपिठाच्या भाजणीत पुष्कळ घरी गहू घालतात. बिहारातील सत्तू प्रामुख्याने हरभऱ्याचा, तर महाराष्ट्रातील सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. नावाच्या साम्यावर विसंबू नये. माल्टयुक्त पेयांत सहसा जव असतो. नाचणीचे माल्ट मात्र निव्वळ नाचणीचे असल्यास निर्धोक आहे. उपवासाचे राजगिरा पीठ गव्हाच्याच गिरणीत दळलेले असेल, तर त्याचाही भरवसा नाही.

‘ग्लुटेनमुक्त’ हे लेबल लावण्यापूर्वी प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, असे विस्तार कार्यकर्त्यांनी गटांना आवर्जून सांगावे. आणखी एक सूचना: निरोगी माणसाने केवळ प्रघात म्हणून गहू सोडण्याचे कारण नाही, आणि आजाराची शंका असलेल्याने तपासणीपूर्वी तो सोडू नये. गहू आधीच बंद केला तर रक्तातील प्रतिपिंडे घटतात व निदान हुकण्याचा संभव असतो.